एका दिवसात फ्लॉरेन्स: दोघांनी, पायी, आणि कोल्हापूर लक्षात ठेवून

इटलीची सहल ठरली की रोम आणि व्हेनिस यादीत आधीच बसलेली असतात. पिसाचा मनोरा मुलांच्या हट्टानं येतो आणि फ्लॉरेन्सच्या वाट्याला मधला एखादा दिवस उरतो. आमचंही तसंच झालं. मी कोल्हापूरची, नवरा साताऱ्याचा, दोघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तो प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा आणि मी पुढचा जिना शोधणारी. अशा जोडप्यानं एका दिवसात हे शहर न भांडता कसं पाहावं, ते आम्ही जरा ठेचकाळूनच शिकलो. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी ते इथे क्रमानं मांडते आहे. शेवटी एक जागा अशी आहे, जी प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमात सहसा नसते, पण मराठी माणसानं चुकवू नये.

घरून निघण्याआधी: दोन तिकिटं, दोनच

फ्लॉरेन्समध्ये एका दिवशी वेळ ठरवून फक्त दोन गोष्टी पाहा. तिसरी घातली की दिवसभर घड्याळाकडे बघत पळावं लागतं. माझ्या मते त्या दोन म्हणजे सकाळी कॅथीड्रलचा घुमट आणि दुपारी उफित्सी हे चित्रांचं संग्रहालय.

घुमट चढण्यासाठी कॅथीड्रलच्या अधिकृत संकेतस्थळावर ब्रुनेलेस्की पास मिळतो. आम्ही गेलो तेव्हा तो तीसेक युरोंचा होता. तो तीन दिवस चालतो आणि त्यात घुमट, घंटाघर, बाप्तिस्तेरो (बाप्तिस्मा देण्याची वेगळी इमारत) आणि कॅथीड्रलचं संग्रहालय सगळं येतं. घुमटाची वेळ मात्र तिकीट घेतानाच ठरवावी लागते आणि मग ती बदलत नाही. सकाळची पहिली, सव्वाआठच्या सुमाराची वेळ धरा. हंगामात ती काही आठवडे आधीच संपते, त्यामुळे व्हिसा हातात पडला की पहिलं काम हेच करा. उफित्सीसाठी दुपारी दोनची वेळ घ्या. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट किंवा निदान त्याची प्रत जवळ हवी. उफित्सी सोमवारी बंद असते, तेव्हा सोमवार टाळा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत फुकट प्रवेश असतो हे ऐकून हुरळून जाऊ नका, त्या दिवशी अंबाबाईच्या देवळात नवरात्रात असते तशी रांग लागते. शिवाय रविवारी कॅथीड्रलमध्ये प्रार्थना असतात.

एक सावधगिरी. शोधल्यावर पहिल्यांदा दिसणारं संकेतस्थळ अधिकृत असेलच असं नाही. आम्ही एका मध्यस्थाकडे जवळजवळ दुप्पट पैसे मोजले आणि हातात तेच तिकीट आलं.

मग डेव्हिडचं काय? मायकेलअँजेलोनं १५०१ ते १५०४ या काळात संगमरवराच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेला तो पाच मीटरहून उंच पुतळा अकादेमिया नावाच्या वेगळ्या संग्रहालयात आहे. डेव्हिडसाठीच जीव तुटत असेल तर उफित्सी सोडा आणि तिथे जा. तासाभरात बाहेर याल आणि डोकंही ताजं राहील. दोन्ही करायचा मोह झाला तर जोडीदाराच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. आम्ही अस्सल डेव्हिड सोडला, पण दिवसभरात त्याच्या दोन प्रतिकृती फुकटात पाहिल्या. एक चौकात आणि एक टेकडीवर.

येताना: स्टेशन, सामान, गाडी

वेगवान रेल्वेनं रोमहून साधारण दीड तास लागतो, मिलानहून दोन तासांच्या आत. शहराचं इटालियन नाव फिरेन्झे, आणि स्टेशनवरच्या फलकावर तेच असतं. उतरायचं ते ‘फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला’ इथे. काही गाड्या काम्पो दि मार्ते किंवा रिफ्रेदी या दुसऱ्याच स्टेशनांवर थांबतात, तेव्हा तिकीट काढतानाच पूर्ण नाव वाचून घ्या. साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारायचा असतो. न मारल्यास तिकीट असूनही दंड होतो.

सामान स्टेशनवर ठेवायची सोय आहे, तिथेच ठेवा. घुमटात मोठी पाठपिशवी नेऊ देत नाहीत आणि चाकाच्या बॅगेला इथल्या फरशा सोसत नाहीत. भाड्याची मोटार घेऊन शहरात शिरायचा तर विचारही करू नका. मध्यवस्तीत परवानगीशिवाय वाहन आणायला बंदी आहे आणि कॅमेरे नंबर टिपतात. दंडाची पावती काही महिन्यांनी घरी येते.

पत्ता शोधतानाची एक गंमत आधीच सांगून ठेवते. इथे एकाच रस्त्यावर घरांचे क्रमांक दोन तऱ्हांचे असतात. राहत्या घरांचे काळे किंवा निळे, दुकानांचे लाल. लाल क्रमांकापुढे ‘आर’ लिहितात. त्यामुळे १२ आणि १२ आर ही दोन वेगळी ठिकाणं असतात, आणि त्यांत अर्धी गल्ली अंतर असू शकतं. नवरा वीस मिनिटं चुकीच्या दारासमोर उभा राहून घंटा वाजवत होता.

सकाळी साडेसात: उभ्यानं कॉफी

स्टेशनपासून कॅथीड्रल पायी दहा मिनिटांवर आहे. वाटेत कुठल्याही बारमध्ये शिरा. इथे बार म्हणजे आपल्याकडचं हॉटेल: चहा-कॉफी, पाव, गोड बिस्किटं. उंच टेबलापाशी उभ्यानं प्याल तर एक दर, खुर्चीत बसून प्याल तर दुसरा, आणि प्रसिद्ध चौकात बसाल तर तिसराच. ‘उन काफ्फे’ म्हटलं की घोटभर कडक कॉफी येते. दुधाची हवी असेल तर कापुचीनो मागा. नुसतं ‘लाते’ म्हणालात तर पेलाभर दूधच समोर येईल. आत शिरताना ‘बोन्जोर्नो’ म्हणायला विसरू नका, त्यानं समोरच्याचा सूर बदलतो.

स्वच्छतागृहाचं कामही इथेच उरकून घ्या. घुमटात सोय नाही.

कपड्यांचं एवढंच की चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पंजाबी ड्रेस किंवा साडीला कुणी अडवत नाही. पायांत मात्र जुने, सवयीचे बूटच हवेत. गावाचा कितीही अभिमान असला तरी कोल्हापुरी चप्पल त्या दिवशी बॅगेतच राहू द्या, इथल्या दगडी फरशा गुळगुळीत आहेत आणि घुमटाचे जिने त्याहून.

सव्वाआठ: ४६३ पायऱ्या

सांता मारिया देल फिओरे या कॅथीड्रलचं काम १२९६ मध्ये अर्नोल्फो दि काम्बियोनं सुरू केलं. भिंती उभ्या राहिल्या, पण मधलं सुमारे ४५ मीटर रुंदीचं अष्टकोनी भगदाड झाकायचं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं. एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीला खालून लाकडी आधार द्यायचा तर तेवढं लाकूड आणायचं कुठून? फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा शिक्षणानं सोनार. त्यानं १४२० मध्ये काम हाती घेतलं आणि जमिनीपासून आधार न उभारता १४३६ पर्यंत घुमट पुरा केला. त्यानं एकाऐवजी दोन घुमट बांधले, एकाच्या आत दुसरा, आणि विटा हेरिंग माशाच्या काट्यासारख्या तिरप्या-उभ्या रचल्या. चुना ओला असताना त्या विटा एकमेकींना धरून ठेवत.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही, कारण तुम्ही चढता ते त्या दोन घुमटांच्या मधूनच. डावीकडे आतल्या कवचाची वाकत जाणारी पाठ, उजवीकडे बाहेरचं कवच, आणि हात लावाल तिथे ती तिरपी वीट. वाटेत एकदा आतल्या सज्जात पाऊल पडतं आणि वसारी व झुकारी या चित्रकारांनी रंगवलेला अंतिम निवाड्याचा देखावा डोक्यावर येतो. खालून मुंग्यांसारख्या दिसतात त्या आकृत्या इथे केवढ्यातरी मोठ्या असतात. नरकातल्या सैतानाचे दातसुद्धा मोजता येतील.

लिफ्ट नाही आणि मध्येच परत फिरायची सोयही नाही. शेवटचा जिना इतका उभा आणि चिंचोळा की पुढच्याच्या टाचा तुमच्या नाकासमोर. गुडघे दुखत असतील, हृदयाचा त्रास असेल किंवा बंद जागेत घाबरायला होत असेल तर चढू नका. दोघांपैकी एकच जाणार असेल तर दुसऱ्यानं खाली चौकात ब्रुनेलेस्कीचा पुतळा शोधावा. तो बसून आपल्याच घुमटाकडे मान वर करून बघतो आहे.

घुमट पाहिल्यावर कॅथीड्रलच्या आत जायची फुकट प्रवेशाची रांग सोडली तरी चालेल. बाहेरच्या मानानं आतून ते बरंच रिकामं आहे, आणि सर्वांत मोलाचं ते तुम्ही वरून पाहिलेलं असतं. त्याऐवजी इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन फरशीत बसवलेली पांढरी गोल संगमरवरी चकती शोधा. घुमटाच्या टोकावर तांब्याचा सोनेरी गोळा आहे. १६०० च्या सुमाराला त्यावर वीज पडली आणि तो घरंगळत खाली आला, त्या जागेची ही खूण. लोक तिच्यावर पाय देऊन जातात.

दहा ते बारा: दरवाजे आणि त्यांचं खरं घर

समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्तेरोच्या पूर्वेकडच्या सोनेरी दरवाजापुढे गर्दी असते. लोरेन्झो गिबेर्तीनं त्यावर १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं घालवली. त्याला ‘स्वर्गाचे दरवाजे’ म्हणतात. पण फोटो काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसतं की ती प्रतिकृती आहे. अस्सल दरवाजे कॅथीड्रलच्या मागे असलेल्या संग्रहालयात काचेआड आहेत. तुमच्या पासात ते संग्रहालय आलंच आहे आणि तिथे गर्दी फारच कमी असते. डोनातेल्लोची लाकडात कोरलेली, उपासानं खंगलेली येशूची शिष्या मग्दालेना तिथे आहे. मायकेलअँजेलोनं म्हातारपणी आपल्या थडग्यासाठी कोरायला घेतलेला आणि मग स्वतःच हातोडा घालून फोडलेला पिएता, म्हणजे मृत येशूला सावरणाऱ्यांचं शिल्पही तिथेच आहे. माझा नवरा त्या पिएतासमोर पंधरा मिनिटं पाटी न वाचता उभा होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

घंटाघर, म्हणजे ज्योत्तोचा मनोरा, ४१४ पायऱ्यांचा आहे. पासात असला तरी त्याच दिवशी चढू नका. आमच्या मागून आलेल्या एका तरुण जोडप्यानं दोन्ही चढून दाखवलं आणि दुपारभर ते उफित्सीच्या बाकावर बसून होते.

बारा वाजता: जेवण, आणि शाकाहाऱ्यांचं बघू

कॅथीड्रलपासून दहा मिनिटांवर सान लोरेन्झोचा बाजार आहे. आधी चामड्याच्या वस्तूंच्या टपऱ्या लागतात आणि मधोमध १८७४ ची लोखंड-काचेची मोठी मंडई. खाली भाजी, चीज, मांस. वरच्या मजल्यावर खाण्याचे गाळे, जिथे दोघांना दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊन एका टेबलावर बसता येतं. जोडप्यांसाठी ही मोठीच सोय.

शाकाहारी असाल तर ही नावं पाठ करा. ‘रिबोल्लीता’ म्हणजे शिळा पाव, घेवडा आणि काळसर कोबी घालून पुन्हा उकळलेलं दाट सूप. ‘पाप्पा अल पोमोदोरो’ म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. ‘चेचीना’ मिळाली तर सोडू नका. हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली ती पातळ वडी आपल्या धिरड्याच्या जवळची. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का ते ‘ब्रोदो दि कार्ने?’ असं विचारा. ‘पेपेरोनी’ला घाबरू नका, इटालियनमध्ये ती ढोबळी मिरची. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असं सांगावं.

गाईचं मांस न खाणाऱ्यांनी दोन नावं ओळखून ठेवावीत. ‘बिस्तेक्का’ म्हणजे इथला प्रसिद्ध मोठा तुकडा. ‘लाम्प्रेदोत्तो’ म्हणजे गाईच्या चौथ्या जठराचे काप घातलेला पाव. दिसायला आणि वासाला वजडीची चुलत बहीण, त्यामुळे कोल्हापूरकर फसण्याची शक्यता जास्त.

आणि पाव. फ्लॉरेन्स ज्या प्रांतात येतं त्या टोस्कानाच्या पावात मीठ नसतं, अजिबात नाही. पहिल्या घासाला वाटतं की घालायचं राहिलं. इथे तो खारवलेल्या मांसाबरोबर किंवा झणझणीत ऑलिव्ह तेलाबरोबर खायची रीत आहे. मी पर्समधून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली. नवरा आधी इकडे-तिकडे बघत राहिला, मग स्वतःचाही पाव पुढे केला.

भूक लागली नसली तरी अडीचच्या आत जेवून घ्या. त्यानंतर बहुतेक खाणावळींची चूल साडेसातपर्यंत थंड असते. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात. ते बसण्याचे आणि पावाचे, फसवणूक नव्हे.

दीड वाजता: चौक

पियाझ्झा देल्ला सिन्योरियाला पोचलात की आधी पाण्याची बाटली भरून घ्या. नेपच्यूनच्या कारंज्याजवळ सार्वजनिक नळ आहे, त्यातून साधं आणि बुडबुड्यांचं, दोन्ही पाणी फुकट मिळतं.

पालाझ्झो वेक्कियो या जुन्या राजवाड्याच्या दारात डेव्हिडची प्रतिकृती उभी आहे. अस्सल पुतळा इथेच साडेतीनशेहून अधिक वर्षं उन्हापावसात होता, १८७३ मध्ये त्याला अकादेमियात नेलं. शेजारच्या कमानींखालचे पुतळे मात्र अस्सल आहेत आणि त्यांना तिकीट नाही. ग्रीक पुराणातल्या मेदूसा राक्षसिणीचं मुंडकं उंच धरलेला चेल्लिनीचा ब्राँझचा पर्सियस बघा, मागून पण बघा. कारंज्यापुढे फरशीत एक गोल पाटी आहे. शहरातल्या ऐषआरामाच्या वस्तूंची होळी करायला लावणारा साव्होनारोला हा धर्मगुरू, त्याला २३ मे १४९८ रोजी याच जागी फाशी देऊन जाळलं.

दोन ते सव्वाचार: उफित्सी, पण नऊच चित्रं

उफित्सी म्हणजे कचेऱ्या. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या कोझिमोच्या कारभाराच्या कचेऱ्यांसाठी वसारीनं ही इमारत १५६० मध्ये बांधायला घेतली. मेदिची घराण्याचा गोळा केलेला खजिना पुढे इथे आला. घराण्यातली शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा. तिनं १७३७ मध्ये नव्या राजवटीशी करार केला की यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. किती राजघराण्यांची चीजवस्तू लिलावात गेली ते आपण पाहतो, त्यामुळे मला या बाईचं फार कौतुक वाटतं.

इथे आमचं भांडण होता होता राहिलं. पहिल्या दालनातच नवरा पाटीला चिकटला. “अहो, अजून चाळीसेक खोल्या आहेत!” “थांब की गं, एवढं वाचू दे.” शेवटी ठरलं की दीड तास ज्यानं त्यानं आपापलं बघायचं आणि कठड्याशेजारच्या कॅफेत भेटायचं. दिवसातला सर्वांत शहाणा निर्णय. पूर्ण दिवस हातात हात घालून फिरायलाच हवं असं कुठे लिहिलंय?

माझ्यासारख्या, चित्रांतलं फारसं न कळणाऱ्यांनी असं करावं. आधी वरच्या मजल्यावर जा. सुरुवातीच्या दालनात चिमाबुए, दुच्चो आणि ज्योत्तो यांनी काढलेल्या तीन मोठ्या माता मेरी एकत्र आहेत. विषय एकच, पण ज्योत्तोच्या मेरीला अंगाखाली वजन आहे, गुडघे आहेत, ती खरोखर बसली आहे. हा फरक डोळ्यांना दिसला की पुढची दोनशे वर्षं आपोआप उलगडतात. मग बोटिचेल्लीचा ‘वसंत’ आणि ‘व्हीनसचा जन्म’, लिओनार्दोनं तरुणपणी काढलेली ‘घोषणा’ (देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो ते चित्र), मायकेलअँजेलोची गोल चौकटीतली पवित्र कुटुंबाची आकृती. खालच्या मजल्यावर टिशियनची व्हीनस आणि काराव्हाज्जोची ढालीवरची मेदूसा. एवढं पुरे. कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीतून आर्नो नदी आणि पोन्ते वेक्कियो पूल दिसतो. तो फोटो पुलावरून कधीच येत नाही.

साडेचार: सोन्याचा पूल

पोन्ते वेक्कियो १३४५ चा. आधीचा पूल १३३३ च्या पुरात वाहून गेला. दुसऱ्या महायुद्धात माघार घेताना जर्मनांनी शहरातले बाकीचे पूल उडवले आणि हा एकच ठेवला. पूर्वी यावर खाटकांची दुकानं होती. १५९३ मध्ये राजाज्ञेनं त्यांना हटवून सोनार आणले, ते आजही आहेत.

कोल्हापूरच्या गुजरीत, सोनारांच्या पेठेत वाढलेल्या बाईला इथलं सोनं फिकट वाटतं, कारण ते बहुधा १८ कॅरटचं असतं आणि त्यावर ७५० चा शिक्का असतो. घडणावळ नाजूक, भाव चढा. काही घेतलंच तर एका दुकानातली खरेदी ७० युरोंच्या वर गेल्यास आपल्याला करपरतावा मागता येतो. पासपोर्ट दाखवून अर्ज घ्या आणि युरोपातून निघताना शेवटच्या विमानतळावर त्याची नोंद करून घ्या.

रस्त्यात जमिनीवर चित्रं पसरून बसलेले विक्रेते दिसले तर चाल जपा. चुकून पाय पडला की भरपाई मागतात. नकली ब्रँडच्या पिशव्या तर घेऊच नका, इटलीत घेणाऱ्यालाही दंड होतो.

साडेपाच: राजाराम महाराजांकडे

आता मी म्हटलेली जागा. १८७० मध्ये कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले होते. राजर्षी शाहूंचे चिरंजीव राजाराम ते हे नव्हेत. शाहूंच्या आधी गादीवर चौथे शिवाजी होते आणि त्यांच्याही आधीचे हे. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये त्यांची तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते इथेच वारले. वय अवघं वीस. त्या काळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. कॅथलिक राजधानीत हिंदू पद्धतीनं दहन ही कुणी न ऐकलेली गोष्ट, पण परवानगी मिळाली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. १८७४ मध्ये जवळच स्मारक उभं राहिलं. मेघडंबरीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे, फेट्यासकट.

फ्लॉरेन्सकरांना कोल्हापूर ठाऊक नाही. त्यांच्या लेखी तो ‘इंदियानो’, भारतीय. जवळून जाणाऱ्या १९७८ च्या मोठ्या पुलाचं नावही ‘पोन्ते अल्ल’इंदियानो’.

कसं जायचं? स्टेशनशेजारून टी-१ ट्रॅम पकडा आणि कास्चीने थांब्यावर उतरा. कास्चीने ही नदीकाठाची साडेतीन किलोमीटर लांब बाग आहे आणि स्मारक तिच्या पार पश्चिमेच्या टोकाला. चालत पाऊण तास लागतो. रस्ता सपाट आणि झाडांचा, त्यामुळे मोबाईलवरून उघडणारी भाड्याची सायकल घेणं उत्तम. टॅक्सी हात दाखवून थांबत नाही, थांब्यावरून किंवा फोननं घ्यावी लागते. उजेड असतानाच जा, अंधार पडल्यावर बाग निर्मनुष्य होते. मंगळवारी सकाळी इथे मोठा आठवडी बाजार भरतो.

आम्ही सायकलींवर गेलो. पळणारी माणसं, कुत्री, ढकलगाडीतली बाळं, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे तो फेटा. मी पंचगंगेच्या घाटावर लहानाची मोठी झाले, संगमाचं महत्त्व मला कुणी समजावून सांगायला नको. मुन्योने दिसायला ओढ्याएवढीच. फुलं आणायचं सुचलं नव्हतं, म्हणून बागेतलंच खाली पडलेलं एक पान कठड्यावर ठेवलं. नवऱ्यानं पाटी वाचली, पहिल्यांदाच मीही वाचू दिली. पुतळ्यावर सावली आली तसे निघालो.

सूर्यास्त आणि रात्र

आम्ही मे महिन्यात गेलो होतो. सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो, म्हणून कास्चीने आणि सूर्यास्तासाठीचा पियाझ्झाले मिकेलांजेलो हा चौक, दोन्ही जमलं. ऑक्टोबरात किंवा हिवाळ्यात जाल तर दोन्हींतलं एकच निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठा असतो, पण उकाडा भाजून काढतो आणि १५ ऑगस्टच्या आसपास इथली बरीच दुकानं सुट्टीवर असतात.

पियाझ्झाले हा टेकडीवरचा चौक जुझेप्पे पोज्जीनं १८६९ मध्ये, राजधानीच्याच दिवसांत उभारला. सान निकोलो वस्तीतून पायऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटांत वर पोचता, बसही जाते. डेव्हिडची ब्राँझ प्रतिकृती इथे आहे आणि तिच्याभोवती गिटारवाले, बिअरवाले, लग्नाचे फोटो काढणारे. गर्दी नको असेल तर आणखी दहा मिनिटं चढून सान मिनियातो अल मोंते या हजार वर्षांच्या चर्चच्या पायऱ्यांवर बसा. सकाळी ज्याच्या पोटातून चढलात तो घुमट समोर लाल होत जातो.

जेवण खाली सान निकोलोत किंवा सांतो स्पिरितोच्या चौकात करा, नदीच्या या बाजूला भाव जरा माणसात आहेत. जेवणाआधी एखाद्या भिंतीत गुडघाभर उंचीची छोटी कमानदार खिडकी दिसली तर थांबा. शतकांपूर्वी घरमालक आपल्या मळ्यातली वाइन त्यातून विकत. शहरात अशा दीडशेहून अधिक खिडक्या आहेत आणि काहींमधून आजही पेला मिळतो. आईस्क्रीम घेताना डोंगरासारखे रचलेले भडक रंग टाळा. पिस्ता पोपटी असेल तर रंग घातलाय, खरा पिस्ता मातकट दिसतो.

रात्री परत जाणार असाल तर शेवटच्या वेगवान गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा, ती वाटते त्यापेक्षा लवकर सुटते. आम्ही मुक्कामाला होतो. नवऱ्याच्या मोबाईलनं तीस हजारांच्या वर पावलं मोजली होती. मी खाली जाऊन काउंटरवरच्या मुलीकडे खुणांनी मीठ मागितलं, गरम पाण्याच्या बादलीत टाकायला. तिला वाटलं, पावासाठी हवंय. तिनं हसत हसत अख्खी बरणी दिली.